घोडेस्वाराची टाच, खलाशाची पँट

उंच टाच मुळात चालण्यासाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वारांच्या बुटांना ती असायची, रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा तर पाय पुढेमागे सरकून कसं चालेल? पुढे सतराव्या शतकात ही टाच युरोपच्या दरबारांत पोचली. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा. रिगोने १७०१ साली काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात राजेसाहेब रेशमी मोज्यातली पोटरी आणि लाल टाच अशा काही झोकात पुढे करून उभे आहेत, की अंगावरचा तो अवाढव्य झगा निव्वळ निमित्त वाटावा. उभे आहेत, हे महत्त्वाचं. या चित्रात ते चालत नाहीत.

खाली पसरत जाणारी बेल बॉटम पँटही अशीच, भलत्याच कामाची. ती एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांची. डेक धुताना गुडघ्यापर्यंत सहज दुमडता यावी, पाण्यात पडलं तर बुटांवरून चटकन ओढून काढता यावी, अशी तिच्या घेराची कारणं सांगतात. पाण्यात पडलेल्या खलाशाने पँट काढायची, पायांच्या टोकांना गाठी मारायच्या, आत हवा कोंडायची आणि तिच्या आधाराने तरंगत राहायचं, हे तर अमेरिकी नौदलात रीतसर शिकवलं जातं. १९६०च्या दशकात तरुण मंडळींनी लष्करी कपड्यांच्या जुन्या मालातून ही पँट उचलली आणि १९७०च्या दशकात तिचे घेर इतके वाढले की आतला जाड तळव्याचा प्लॅटफॉर्म बूट अख्खा गडप व्हावा. पुरुषांचेसुद्धा.

म्हणजे एक वस्तू घोड्यावर बसणाऱ्याची, दुसरी डेकवर बऱ्याचदा अनवाणी वावरणाऱ्याची. या दोन्ही एकाच वेळी अंगावर चढवून आपण जिने उतरतो, बस पकडायला धावतो आणि वर छान दिसायची अपेक्षा ठेवतो.

आणि छान दिसतंच, त्यात वाद नाही. इतर कुठल्याच कपड्यात उंच टाच इतकी कामाला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टखाली चार इंची टाच ही चार इंची टाचच दिसते. लोक तिच्याकडे बघतात आणि मनातल्या मनात ‘दुखत असतील पाय’ म्हणतात. या पँटखाली मात्र टाच दिसतच नाही. घेराखालून बुटाचं टोक तेवढं डोकावतं आणि कमरेपासून जमिनीपर्यंत एक सलग रेघ उतरते. पाय कुठे संपला न् टाच कुठे सुरू झाली, ते बघणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे टाचेची सगळी उंची परस्पर पायांच्या खात्यावर जमा होते. मांडीवर नीट बसणारी आणि गुडघ्याखाली पसरणारी पँट असेल तर ही लबाडी अधिकच खपते. कंबर जरा वर, आणि वरचा टॉप आखूड किंवा आत खोचलेला. अंगावर वरही सैल आणि खालीही सैल असं घातलं, की रेघ पुसली जाते. वरच्या भागाबद्दल मला एवढंच म्हणायचंय, कारण खरी गोष्ट जमिनीजवळ घडते.

तिथे सगळा प्रश्न अर्ध्या इंचाचा असतो. पँट आखूड झाली की टाच उघडी पडते आणि घेर घोट्याभोवती उगाच हेलकावत राहतो. लांब झाली की पायाखाली येते. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर मागची कड जमिनीपासून साधारण अर्धा इंच वर, हे माप मला पटतं. कड थोडी तिरकी ठेवावी, म्हणजे पुढे किंचित वर आणि मागे किंचित खाली. मग पुढचं कापड पावलावर चुरगळत नाही आणि मागे टाच झाकलेली राहते. चांगल्या शिंप्याला हे सांगावंही लागत नाही. ‘टाचेची आहे ना?’ एवढं तो स्वतःच विचारतो. बाकीच्यांना मात्र बूट घेऊन जाऊनच माप द्यावं. ‘साधारण एवढी टाच असेल’ असं बोटांनी दाखवून भागत नाही. बोटांमधलं अंतर बोलता बोलता वाढतं.

माप घेताना खाली बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड. आपण वाकलो की कमरेपाशी पँट सरकते, कड हलते आणि टाचणी चुकीच्या जागी लागते. म्हणून समोर बघत उभं राहायचं आणि खालचं काम दुसऱ्यावर सोपवायचं. मापही दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्यावं. आपल्याला वाटतं तितकं आपलं शरीर दोन्हीकडे सारखं नसतं. पँट सुती किंवा डेनिमची असेल तर आधी एकदा धुवावी. अशी कापडं धुतल्यावर लांबीत आटतात, आणि कष्टाने मिळवलेला तो अर्धा इंच पहिल्याच धुण्यात दीड इंच होतो.

एकदा कड शिवली की ती पँट त्या उंचीच्या टाचेची झाली. सपाट चपलेवर ती घालायची नाही. अगदी कोपऱ्यावर जाऊन यायचं असलं तरी नाही. फॅशनच्या फोटोंत कड जमिनीवर लोळताना दिसते, कधी तर पायाशी कापडाचा छोटासा ढीगच. दिसतं सुंदर. पण फोटोतली बाई, चौदाव्या लुईसारखीच, उभी आहे. तिला फक्त तेवढा क्षण निभवायचाय.

चालायला लागलं की दोन प्रकारची संकटं असतात. पहिलं साधं: स्वतःची टाच स्वतःच्याच मागच्या कडेवर पडते. कापड ओढलं जातं, थोडं फाटतं, आपण चरफडतो. दुसरं वाईट. पेन्सिल हीलचं टोक दुसऱ्या पायाच्या घेरात शिरतं आणि पुढचं पाऊल उचलायला जावं तर दोन्ही पाय एकमेकांना जखडलेले. सावरायला पाय मोकळाच नसल्यामुळे माणूस सरळ पुढे जातो. हे बहुतेक वेळा दुमडीच्या आतल्या शिलाईमुळे होतं. हाताने घातलेले लांब टाके एखाद्या ठिकाणी सुटले, की तिथे तयार झालेल्या फटीत टाच अशी नेमकी शिरते की नेम धरून घालायची म्हटली तर जमणार नाही. म्हणून टाके जवळजवळ घ्यावेत, आणि मागच्या बाजूला आतून एक गुळगुळीत, जाडसर पट्टी शिवून घ्यावी. कड झिजत नाही आणि टाच अडकण्याऐवजी घसरून जाते. टाचेच्या तळाचं रबरी टोकही अधूनमधून उलटं करून बघावं. ते झिजलं की आतला खिळा वर येतो. तो फरशीवर टकटक करतो तेव्हा सगळ्यांना कळतं, कापडात अडकतो तेव्हा फक्त आपल्याला.

खरं तर या पँटखाली पेन्सिल हीलची गरजच काय, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. टाचेचा तो नाजूक बाक जगाला दिसावा, म्हणून १९५०च्या दशकात तिच्या आत धातूची कांडी घालण्यापर्यंत लोक गेले. आपण तो बाक वीतभर घेराखाली झाकणार असू, तर जाड ब्लॉक हील घालून निवांत का चालू नये? उंची तेवढीच मिळते, टेकायला जागा जास्त, आणि कापडात शिरायला टोकच नाही. प्लॅटफॉर्मचा हिशेबही फायद्याचा. मागे चार इंच आणि पुढे एक इंच असेल, तर पायाला चढ तीनच इंचांचा जाणवतो आणि चवड्यांवर येणारा भार कमी होतो. फक्त त्याचा तळवा जाड आणि ताठ असतो. खालची जमीन पायाला कळत नाही आणि पाय मुरगळला तर बऱ्याच उंचीवरून मुरगळतो. मॉडेल नाओमी कॅम्पबेल १९९३ साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडच्या शोमध्ये पडली, ती जवळपास नऊ इंची टाचांच्या प्लॅटफॉर्मवरूनच. चालणं हाच तिचा व्यवसाय, आणि पायात अडकायला घेरदार पँटही नव्हती. ती बसल्या जागी हसली. ते बूट आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आपण पडलो तर बूट कुणी ठेवून घेत नाही.

जिना चढताना मला फारशी धास्ती वाटत नाही, कारण गुडघा वाकला की पँट आपोआप वर ओढली जाते. उतरताना मात्र पुढे टाकलेल्या पायाची मागची कड वरच्या पायरीवर रेंगाळते, आणि दुसऱ्या बुटाचं टोक तिथेच असतं. एक हात कठड्यावर ठेवायचा. दुसऱ्या हाताने मांडीपाशी चिमूटभर कापड धरून उचललं, तरी कड दोन बोटं वर येते आणि बघणाऱ्याला वाटतं ही चालण्याचीच एक ढब आहे. दोन्ही हातांत पिशव्या असतील तर लिफ्टची वाट बघावी. सरकत्या जिन्यावर कडेला चिकटून उभं राहू नये आणि शेवटच्या पायरीवर, जिथे पट्टा दातऱ्यांखाली जातो, तिथे पाय घासत न नेता उचलून पुढे टाकावा. गाडी चालवायची असेल तर बूट बदलावेत आणि पँट दुमडावी. टाच पायपुसण्यात रुतलेली, घेर पेडलवर आलेला आणि समोर सिग्नल लाल, हा योग झोकाचा नव्हे.

बराच वेळ बसून उठताना लगेच पाऊल टाकू नये. बसल्यावर कापड वर सरकलेलं असतं आणि उठल्यावर ते टाचेच्या मागे अडकून बसतं. पाय जरासा झटकला की जागेवर येतं. पावसात तर ही पँट घालूच नये. कड पाणी वर वर शोषत नेते, कापड जड होतं, घोट्याला चिकटतं आणि सगळा डौल पोटरीपाशी गुंडाळून बसतो. जाड डेनिममध्ये तर असं भिजल्यावर चालणं म्हणजे पायांना वजनं बांधणं. कोरड्या दिवशी मात्र तेच वजन उपयोगी: जड कापड सरळ खाली पडतं, हलक्या सिंथेटिकसारखं पायांत गुंतत नाही.

जुनी, कुणीतरी वापरलेली अशी पँट हाती आली, तर आधी कड उलटून बघावी. आत किती कापड दुमडलंय यावरून ती किती वाढवता येईल ते कळतंच, शिवाय आधीच्या मालकिणीच्या टाचांचा इतिहासही सापडतो. धुऊन विरलेली एक घडीची रेघ, तिच्याखाली इंचभर अंतरावर दुसरी. पहिल्यांदा तिने ती उंच टाचेवर शिवून घेतली, मग कधीतरी शहाणपणाने बूट बदलला आणि कड वर घेतली. ते कापड तिने कापून टाकलं नसेल तर नशीब आपलं. टाके उसवायचे, जुन्या रेघेवर इस्त्री फिरवायची, आणि पायात बूट चढवून शिंप्यासमोर उभं राहायचं. नजर समोर.