उन्हाची ॲलर्जी आणि खिडकीची सीट

पाऊस संपला की माझ्या हातांवर पुरळ उठायचंच. गुहागरातलं ऑक्टोबरचं ऊन इथल्या माणसाला सांगायला नको, चार महिने छत्रीखाली काढलेल्या अंगावर ते एकदम येतं. पण ऊन लागल्या लागल्या काहीच व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी मानेवर, हातांवर बारीक लाल पुरळ आणि खाज अशी की रात्रभर झोप नाही, त्यामुळे उन्हावर कोणाचा संशयच जायचा नाही, आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवायचं आणि बिचाऱ्या कोळंबीवर ढकलायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगो पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव." लावलं की गार वाटायचं, तेवढंच. पित्ताच्या गांधी काही तासांत बसतात, हे आठवडाभर हलायचं नाही.

शेवटी चिपळूणला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, काजू फोडता का, आंब्याचा चीक लागतो का, कारण त्यानेही अंगावर उठतं. मग मान वर करायला लावून हनुवटीखाली आणि कानामागे बॅटरी मारून बघितलं. तिथली कातडी एकदम साफ! जिथे ऊन पोचत नाही तिथे पुरळ नाही. पॉलीमॉर्फस लाइट इरप्शन म्हणाले, म्हणजे उन्हाची ॲलर्जीच. ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार, त्यातही उन्हाने पुरळ येतं, तो नाही ना म्हणून एएनए ही रक्ताची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, डॉक्टर, मी उन्हात फिरते कुठे, एसटीने येते आणि ऑफिसात बसते. "एसटीत कुठे बसता?" खिडकीशी, आणखी कुठे! तर म्हणाले, उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार, काच यूव्हीबी अडवते पण यूव्हीए बराचसा आत येतो, आणि हा त्रास बहुतेकदा यूव्हीएनेच होतो. उजव्या हातावर जास्त का उठतं ते तेव्हा कळलं. आता सकाळी डावीकडे बसते, परतताना उजवीकडे, कंडक्टरला वाटत असेल बाई विचित्र आहे.

सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ बघू नका, तो मुख्यतः यूव्हीबीचा आकडा, यूव्हीएसाठी ट्यूबवर 'पीए' लिहिलेलं असतं त्याच्या पुढचे प्लस मोजा. आणि थापून लावायचं, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून, घाम आला की परत. स्टिरॉइडची ट्यूब डॉक्टरांनी फक्त हातांसाठी दिली, तीही थोडेच दिवस, मेडिकलवाल्याने मात्र तसलीच एक न विचारता चेहऱ्याला लावायला दिली होती!! एप्रिलपर्यंत कातडीला उन्हाची सवय होते आणि त्रास आपोआप कमी होतो, पुढच्या पावसानंतर परत पहिल्यापासून.

ऊन टाळते म्हणून डी व्हिटॅमिन तपासलं तर कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. समुद्राकाठी राहून डी कमी, नवरा अजून हसतो.