चिऊताई, दार उघड

गेले दोन महिने आमच्याकडे रोज रात्री काऊचं घर वाहून जातं. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, मग मोठ्ठा पाऊस, मग ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’. गोष्ट इतकी पाठ झाली आहे, की अर्धी मी झोपेतच सांगतो. त्या रात्रीही तशीच चालली होती. ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे. थांब, माझ्या बाळाला पावडर लावू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.’ चार वर्षांची लेक ताडकन उठून बसली.

“बाबा, काऊ अजून पावसातच आहे?”

आहेच की. मी लहान होतो तेव्हाही होता. पण ‘थांब, माझ्या बाळाला’ची लय अशी काही गोड, की बाहेर कुणीतरी कुडकुडतंय हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आम्ही सगळे चिऊच्या बाजूचे. घर तिचं, बाळ तिचं, पावडर तिची. काही घरांत तर दार उघडल्यावर काऊला चुलीपाशी चटकाही बसतो आणि मुलं खदखदून हसतात. मुलांवर संस्कार म्हणून सांगायची आपली पहिली गोष्ट ही!

“चिऊनं आधी दार उघडायचं ना, मग अंघोळ,” लेक म्हणाली. क्रम तिला बरोबर कळला होता. मग ती पलंगावरून उतरली, खुर्चीवरचा आपला छोटा टॉवेल आणला आणि उशीवर पसरून ठेवला. काऊसाठी. त्या रात्री मला टॉवेल वगळून उरलेल्या उशीवर झोपावं लागलं.

मुलांना दया, मदत, वाटून घेणं हे सगळं गोष्टींतून शिकवावं असं सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. शाळेत आम्हाला गोष्टीच्या खाली ‘तात्पर्य’ असायचं. परीक्षेत तेवढंच विचारत, म्हणून गोष्ट न वाचता आम्ही तात्पर्य पाठ करायचो. (त्यातलं आज एकही आठवत नाही. सशाच्या चित्राला मी काढलेल्या मिशा आठवतात.) तरी बाप झाल्यावर ती खोड उलटलीच. गोष्ट संपली की माझा आवाज आपोआप जड व्हायचा, “म्हणून आपण नेहमी...” आणि त्या ‘म्हणून’ला लेक कूस बदलायची.

टॉवेलच्या प्रकारानंतर मी जरा वाचत सुटलो. २००६ मध्ये फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अठरा महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग हाती लागला. एक अनोळखी माणूस हातात मासिकांची चळत घेऊन बंद कपाटाकडे जातो, दारावर आपटतो, पुन्हा आपटतो. काही मागत नाही. कोपऱ्यातलं मूल, ज्याला अजून धड चालता येत नाही, ते दुडूदुडू येतं, कपाटाचं दार उघडतं आणि वर त्याच्याकडे बघतं. सगळीच मुलं प्रत्येक वेळी असं करत नव्हती, पण बरीच करत होती. मला हसू आलं. दार उघडायचं हे दीड वर्षाच्या पोराला न सांगता कळतं आणि आपण त्याला चिऊताईची गोष्ट सांगतो.

याच दोघांचा दुसरा प्रयोग मला जास्त लागला. वीस महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणं दिलं, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या फेरीत खेळणं मिळालेल्यांची मदत कमी झाली. आता आपल्या गोष्टी आठवून बघा. सिंहानं उंदराला सोडलं म्हणून उंदरानं जाळं कुरतडलं. कबुतरानं मुंगीला पान टाकलं म्हणून मुंगी पारध्याला चावली. गोष्टी छान आहेत, माझ्या आवडत्या आहेत, पण हिशेब चोख. कुणाची उधारी राहत नाही. मुंगी त्या दिवशी दुसऱ्याच रस्त्यानं गेली असती, तर कबुतराचं पान फुकट गेलं म्हणायचं का?

म्हणून अलीकडे मी हितोपदेशातला चित्रग्रीव काढला. कबुतरांचा राजा. सगळा थवा जाळ्यासकट उडतो आणि हिरण्यक उंदराच्या बिळापाशी उतरतो. हिरण्यक धावत येऊन मित्राचे पाश तोडायला लागतो, तर राजा म्हणतो, आधी यांचे तोड. उंदीर कुरकुरतो : माझी ताकद ती केवढी, दात नाजूक, तुटायच्या आत तुला सोडवतो, मग जमेल तसं बाकीच्यांचं बघू. किती खरा माणूस आहे हा उंदीर! आपली सगळ्यांची मदत अशीच असते, आधी घरचे, मग दात उरले तर बाकीचे. चित्रग्रीव ऐकत नाही. मी मोठ्या अपेक्षेनं लेकीकडे पाहिलं. राजाचा त्याग तिच्यापर्यंत पोचला असेल असं वाटलं.

“उंदराचे दात दुखले?”

पुढचा अर्धा तास उंदराच्या दातांवर गेला.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दल टोरोंटोत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची तीच गोष्ट काहींना माणसांची करून, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची करून वाचून दाखवली आणि मग आपल्या स्टिकरमधले दुसऱ्याला किती देतात ते पाहिलं. माणसांच्या गोष्टीनंतर मुलांनी जास्त दिले, प्राण्यांच्या गोष्टीनंतर उलट कमी. घ्या! माझं सगळं दुकान कावळे-चिमण्यांचं. पण त्यातच असंही होतं, की ज्या मुलांना प्राणी माणसांसारखे वाटत होते ती अधिक देत होती. ज्याला काऊ खरोखर भिजलेला दिसतो, तोच टॉवेल आणतो, एवढा अर्थ मी माझ्यापुरता काढला.

भीती घालणाऱ्या गोष्टी तर मी बंदच केल्या. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलं खोटं बोलायची कमी होत नाहीत, हेही २०१४ मध्ये तपासून झालं आहे. कमी झाली ती जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं, त्या गोष्टीनं. आणि खरेपणाची ती गोष्ट चरित्रकारानं रचलेली!

‘म्हणून आपण नेहमी’ मी सोडलं आहे, निदान प्रयत्न चालू आहे. त्याऐवजी चिऊनं दार उघडायच्या आधी जरा थांबतो. लेक काऊच्या वतीनं काहीबाही सांगते. परवा काऊला शिंक आली होती. काल त्याच्या पंखातून पाणी ठिबकत होतं, तेही तिनं मोजलं, सातपर्यंत.

आज संध्याकाळी येताना मी नखशिखांत भिजलो. छत्री सकाळी घरीच राहिलेली. बेल वाजवली, आतून पावलं धावत आली आणि दारापाशी थांबली.

“मी आहे. दार उघड.”

“थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.”

“अगं, भिजलोय मी.”

“थांब, माझ्या बाळाला पावडर लावू दे.” आत खुसखुस. बायकोचाही आवाज त्यात होता, याची नोंद घेतली.

अंगावरून पाणी निथळून पायपुसण्यावर तळं साचलं. मी गप्प राहिलो. आतलीही खुसखुस थांबली. मग फटीतून बारीक आवाज आला, “बाबा, तुझं घर वाहून गेलं?”

“गेलं,” म्हटलं.

क्षणभर काहीच नाही. मग फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज. कडीपर्यंत तिचा हात अजून पोचत नाही.