हरणीला घेऊन कमळगडाखाली एक रात्र

हरणी ही आमची कारवानी जातीची कुत्री. दोन वर्षांपूर्वी जत तालुक्यातील एका मेंढपाळाकडून ती आमच्या साताऱ्याच्या घरी आली. कर्नाटकातील मुधोळच्या नावानेही ही जात ओळखली जाते आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले होते. उंच पाय, आत गेलेले पोट, अंगाला बोटभरही चरबी नाही आणि नजर अशी की अर्ध्या मैलावर ससा हलला तरी कान ताठ व्हावेत. उघड्या माळरानावर धावण्यासाठी घडलेल्या या जनावराला सह्याद्रीत मुक्कामी न्यावे की नाही, यावर माझ्या धाकट्या भावाने आणि मी बरेच दिवस विचार केला आणि शेवटी गेल्या मार्गशीर्षात वाईजवळच्या कमळगडाची वाट धरली.

आधी मनात वासोटा होता. परंतु तो कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० साली घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. तिथे गडावर मुक्कामाला परवानगी नाही आणि पाळीव कुत्रा नेण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. सांगलीच्या बाजूने चांदोलीतील प्रचितगडाचेही तेच. हा निर्बंध मला मनापासून योग्य वाटतो. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा रोग वन्य मांसभक्षकांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू आढळला होता. आमच्या हौसेपायी कोयनेच्या रानकुत्र्यांना धोका पोहोचावा, हे कोणत्याही श्वानप्रेमी माणसाला मान्य होऊ नये. कमळगडाच्या वाटेवरही दाट रान आहेच. म्हणून हरणीचे रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिसचे लसीकरण पूर्ण असल्याची खात्री करून, गोचिडांविरुद्धचे औषध आठवडाभर आधी देऊन आणि छातीपट्ट्याला जाड दोरी बांधूनच आम्ही निघालो. ती दोरी दोन दिवसांत एकदाही सोडली नाही.

वाईहून धोम जलाशयाच्या कडेने नांदगणे गाठले तेव्हा सकाळचे सात वाजले होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग थंड करावे लागते आणि आपला काळा कातळ तर अकरानंतर तव्यासारखा तापतो. त्यामुळे उन्हाआधी झाडीत शिरणे आवश्यक होते. हरणीचे वजन बावीस किलो आहे. घरी बसून असली तरी तिला दिवसाला लिटरभर पाणी लागते, चढणीवर त्याच्या दुप्पट धरावे लागते. वाटेत पाणी मिळेल या भरवशावर न राहता तिच्या वाट्याचे पाणी आम्ही पाठीवर वाहिले. याचे आणखी एक कारण होते. डोंगरावरची टाकी आणि झरे हे वरच्या माणसांचे पिण्याचे पाणी असते आणि त्यात कुत्र्याने तोंड घालणे किंवा पाय बुडवणे हे त्या घरांच्या हंड्यात हात घालण्यासारखे आहे.

अर्ध्या वाटेवर झाडीत गोरखनाथाचे मंदिर लागते. अनेक गिर्यारोहक तिथे मुक्काम करतात आणि आमचाही मूळ बेत तोच होता. मी हरणीला घेऊन पायऱ्यांखाली बसलो आणि भाऊ आत जाऊन दर्शन घेऊन आला. मंदिरात विचारायला कोणी नव्हते, आणि विचारल्याशिवाय कुत्र्याला देवळात निजवणे मनाला पटेना. उघड्यावर तिला बांधून आपण आत निजणे तर अशक्यच होते, कारण या डोंगरांत बिबट्याला रात्री सहज मिळणारी शिकार म्हणजे कुत्रा. तेव्हा वरच्या माळावर वस्ती असल्याचे ऐकून आम्ही पुढे निघालो. तिथेही नकार मिळाला, तर उजेड असेपर्यंत खाली उतरायचे, असे ठरले होते.

माळावर गवळी-धनगरांचे घर दिसले. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, एकाच छपराखाली अर्ध्यात माणसे आणि अर्ध्यात म्हशी. दोन काळी गावठी कुत्री भुंकत धावून आली. हाक देताच घरधनी बाहेर आले. आमच्याकडे न पाहता त्यांनी आधी हरणीकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, हितंच थांबा. आदी आमच्या कुत्र्यांसंगं लांबनं चालवा हिला, मग घराकडं आना." तसेच केले. त्यांच्या हातात त्यांची कुत्री, माझ्या हातात हरणी, मध्ये वीस पावलांचे अंतर, असे आम्ही माळाला एक फेरा घातला, मग अंतर कमी करत दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला भुंकणे थांबून हुंगणे सुरू झाले. परक्या कुत्र्याला घरापाशीच समोरासमोर आणले असते तर भांडण ठरलेले होते, हे ज्ञान त्यांना कोणत्याही प्रशिक्षकाने दिलेले नव्हते.

"मावशी, हिला आत घेतलं तर चालेल का? नाहीतर आम्ही उजेडाचे खाली जातो," असे मी घरातल्या वयस्कर बाईंना विचारले. "भैरोबाचं वाहान हाय ते, त्याला काय न्हाई म्हनायचं?" त्या म्हणाल्या. "पर चुलीकडं येऊ द्यायचं न्हाई, आन् रातचं भाईर काढायचं न्हाई. वाघरू फिरतंय." त्यांच्या बोलीत बिबट्याला वाघरू म्हणतात. या दोन अटी आम्ही अक्षरशः पाळल्या.

सामान टाकून दुपारी गडमाथ्यावर जाऊन आलो. दरवाजा, बुरूज असे वर फारसे काही उरलेले नाही. पाहण्यासारखी आहे ती कावेची विहीर. कातळातून खोल उतरत गेलेल्या पन्नासेक पायऱ्या आणि तळाशी लालभडक गेरूची माती. पायऱ्या ओलसर होत्या, त्यामुळे आम्ही आळीपाळीने उतरलो आणि हरणी वरच थांबली. माथ्यावरून केंजळगड, रायरेश्वर आणि पाचगणीचे पठार स्वच्छ दिसत होते, मात्र तिचे सगळे लक्ष झुडपांतील सळसळीकडे होते. त्या एका तासात दोरीने माझा तळहात दोनदा सोलवटला.

दिवस मावळण्यापूर्वीच तिला खाऊ घालून, पाण्यापासून दूर नेऊन शेवटचे फिरवून आणले आणि तिची घाण खड्डा करून पुरली. मावशींनी आम्हाला नाचणीची भाकरी, पिठले आणि ताक वाढले. हरणीसाठीही पिठल्यात भाकरी कुस्करून देऊ लागल्या, तेव्हा त्यातला कांदा कुत्र्याला बाधतो, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे मी त्यांना सांगितले. "आमची तर सगळंच खात्यात," असे म्हणून त्या क्षणभर थांबल्या आणि मग कोरी भाकरी दुधात भिजवून दिली.

आमची मावसबहीण काही वर्षे नॉर्वेत राहिली होती. तिथे १८६८ साली स्थापन झालेल्या पर्यटन संघटनेची डोंगरांत शेकडो निवासस्थाने आहेत आणि त्यांपैकी ठरावीक ठिकाणीच कुत्र्याला आत घेता येते, तेही त्याच्यासाठी राखलेल्या खोलीत, कारण पुढच्या मुक्कामी येणाऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी असू शकते. शिवाय १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात, चरणारी मेंढरे आणि अंडी-पिल्ले असलेले पक्षी यांच्या रक्षणासाठी, कुत्रा बांधूनच ठेवावा असा त्या देशाचा कायदा आहे. तिने हे सांगितले तेव्हा मला त्या व्यवस्थेचा हेवा वाटला होता. त्या रात्री गोठ्याच्या कडेला पडल्यापडल्या वाटले की मावशींच्या दोन अटींमागचा विचार त्याहून वेगळा नव्हता.

थंडी मात्र आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. मध्यरात्रीनंतर हरणी थरथरू लागली. आखूड केसांच्या आणि चरबी नसलेल्या कुत्र्यासाठी जमिनीचा गारवा हवेच्या गारव्यापेक्षा घातक असतो आणि आम्ही तिच्यासाठी पांघरूण आणले होते, अंथरूण आणले नव्हते. ही चूक माझी होती. घरधन्यांनी न बोलता भाताच्या पेंढ्याची एक पेंढी सोडून दिली आणि वर जुने घोंगडे टाकले. म्हशींची ऊब कुडापलीकडून येतच होती. थोड्या वेळाने ती नाक शेपटीखाली घालून निजली.

पहाटे तीनच्या सुमारास खालच्या झाडीतून भुंकण्याचा आवाज आला आणि हरणी उभी राहून गुरगुरू लागली. मला तो एखाद्या भटक्या कुत्र्याचा वाटला. "भेकार हाय," अंधारातून घरधन्यांचा आवाज आला. भेकर, म्हणजे लहान जातीचे हरीण, कुत्र्यासारखेच भुंकते हे मी वाचले होते, ऐकले पहिल्यांदाच. तो आवाज थांबेना, एकाच जागेवरून येत राहिला, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "काय तरी बघितलंय त्यानं." त्यांची दोन्ही काळी कुत्री केव्हाच दाराला अंग लावून बसली होती. त्यांनी उठून दार किलकिले केले, दोघांना आत घेतले आणि अडसर घातला. मग उजाडेपर्यंत तीन कुत्री, बारा म्हशी आणि पाच माणसे एका छपराखाली होती, आणि मी हरणीच्या छातीवर हात ठेवून जागा होतो.

सकाळी मी निजायची जागा झाडून तिचे केस गोळा केले. मावशी पैसे घेईनात, तेव्हा ते लहान नातीच्या हाती दिले. काळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचली आहे का, असे विचारले तर कधीच नाही असे उत्तर आले. वाईतील पशुवैद्यकांशी बोलून पुढच्या महिन्यात लस बर्फातून वर न्यायची, असे आम्ही घरधन्यांशी ठरवले आणि तसे केलेही.

जलाशयाकाठी पोहोचल्यावर हरणीला सावलीत आडवे करून कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासल्या. कानामागे दोन आणि उजव्या पंजात एक गोचीड सापडली. चिमट्याने कातडीलगत धरून ती काढली, जखमांवर औषध लावले आणि वहीत तारीख टिपून ठेवली, कारण गोचिडांमुळे येणारा ताप एक ते तीन आठवड्यांनी उघड होतो. तीन आठवडे रोज सकाळी हिरड्या फिकटल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी त्यांचा रंग तपासला. तो गुलाबीच राहिला आणि एकविसाव्या दिवशी तिने भाकरीचे ताट चाटून पुसून संपवले.