चिमूटभर काल

मका तोलून पिशवीत ओतता ओतता बाजारातल्या बाईंनी विचारलं, "आणि काल?"

काल काय? काल मी ऑफिसात होतो. मेक्सिकोतल्या प्वेब्लात येऊन आठ महिने झाले, स्पॅनिशच्या शिकवणीला पैसे घातले, तरी दुपारच्या वेळी माझं डोकं मराठीतच ऐकतं. बाईंनी शेवटी पांढऱ्या भुकटीच्या पुड्यांकडे हनुवटी केली. "काल, ग्वेरो, काल!" एक पुडी फाटलेली होती. चिमूट बोटांत धरली, कातडी ओढल्यासारखी कोरडी झाली, आणि कळलं. चुना. आपला खायचा चुना.

(ग्वेरो म्हणजे गोरा. इथले भाजीवाले गिऱ्हाइकाला सरसकट ग्वेरो म्हणतात, रंग बघत नाहीत. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मला कुणी गोरा म्हणालं नव्हतं. त्यामुळे मी घासाघीस करत नाही.)

मेक्सिकन जेवण आपल्याला येतं, असा समज करून मी इथे आलो होतो. पुण्यात येतच होतं. तिकोनी चिप्स, वर पिवळं चीज, वर भोपळी मिरची, झालं मेक्सिको. ते पिवळं चीज इथे मला अजून कुणाच्या घरी भेटलेलं नाही. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. त्यांच्या ओट्यावर मातीच्या भांड्यात काळा घेवडा शिजत असतो, त्यात एपासोते नावाच्या पाल्याची डहाळी. तिचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी रॉकेल सांडलंय का ते बघून आलो. बाजूला काळ्या खडबडीत दगडाचा, तीन पायांचा खल. भाजलेले टोमॅटो आणि मिरच्या त्यातच रगडायच्या, मिक्सरात फिरवलं की पाणी सुटतं म्हणतात. आणि घोळ! आपली घोळाची भाजी, जी मंडईत कोपऱ्यात फडकं पसरून बसलेल्या म्हाताऱ्यांकडेच मिळते, ती इथे वेर्दोलागास. आंबट हिरव्या टोमॅटोच्या रश्शात, डुकराच्या मांसाबरोबर. मी जुडी हुंगत नको इतका वेळ उभा राहिलो असणार, कारण बाजारातल्या बाईंनी न मागता मूठभर कोथिंबीर वर टाकली. या वर टाकण्याला पिलोन म्हणतात. पदार्थांची नावं पाठ होण्याआधी मला हा शब्द पाठ झाला.

चुन्याची गरज का पडली, तर पहिली टोर्तिया, म्हणजे इथली मक्याची भाकरी. मक्याचं पीठ ते मक्याचं पीठ, असं म्हणून पुण्याहून आणलेली पुडी फोडली आणि थापायला बसलो. भाकरी मला बऱ्यापैकी येते. ही उचलताना हातात नकाशासारखी फाटली. घरमालकीणबाई दारातून बघत होत्या. "होवेन," त्या म्हणाल्या, म्हणजे तरुण माणसा (इथे पंचेचाळिशीतही तरुणच असतो माणूस), "या पिठानं काल पाहिलेलाच नाही."

तर ते असं. किलोभर वाळलेला मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम काल. हे दहा ग्रॅम माझे, वजनकाट्यावरचे. घरमालकीणबाई तळहाताच्या खळग्यात घेतात आणि खळगा कुणाचा हे विचारायचं नसतं. पाणी पिवळंधमक होतं. घरात दिवाळीआधीच्या सफेदीचा, ओल्या भिंतीचा वास सुटतो. दाण्याचं साल दोन बोटांत चोळून सुटलं की आच बंद करायची, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी धुवायचं. हा निश्तामाल. नावातला पहिला तुकडा नावात्ल या इथल्या मूळ भाषेतला, राखेचा. चुन्याच्या जागी राखही चालायची. ज्वारीला आपण आधणाचं पाणी घालून जी मिजास करतो, ती इथे आदल्या रात्रीच होऊन गेलेली असते. पीठ धरून राहतं. शिवाय मक्यात कुलूप लावून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यानंच मोकळं होतं. मका बोटीत चढून युरोपात गेला, चुना किनाऱ्यावर राहिला. मग अठराव्या शतकात स्पेन आणि इटलीतली गरीब माणसं नुसत्या मक्यावर राहिली आणि नायसिनअभावी होणाऱ्या पेलाग्रा या रोगानं चट्टे उठून, भ्रमिष्ट होऊन मेली. हे मी बाईंना सांगितलं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

आजोबांची चुन्याची डबी पितळेची होती. ओसरीवर बसून पानाला बोटानं चुना लावायचे, आणि उरलेला चुना पुसायला हाताशी असेल ते लाकूड. खांब, दाराची चौकट, एकदा माझ्या पाटीची कड. ओसरीच्या खांबाला कमरेच्या उंचीवर पांढऱ्या बोटांची दाट ओळ होती. आजी रोज ओरडायची, सणाला घासून काढायची, दोन दिवसांत ओळ परत हजर. मी एकदा डबीतला चुना नुसता चाटला होता. आठवडाभर जीभ भाजल्यासारखी झाली, आणि घरात खोबरेल तेलाची वाटी माझ्यामागे फिरत होती.

निश्तामाल झाला की बादली उचलून मोलिनोत. म्हणजे गिरणीतच. फक्त दळण ओलं. लहानपणी दळण माझ्याकडे असायचं. सायकलच्या कॅरियरला डबा बांधायचा आणि आजीचा निरोप पाठ करत जायचं: आधी कुणाचं काय पडलंय ते बघ, बाजरीवर आपले गहू टाकू देऊ नकोस. गिरणीवाल्याच्या पापण्यांवर पीठ असायचं. पट्ट्याच्या आवाजात त्याला काहीच ऐकू जायचं नाही, तो नुसती मान हलवायचा आणि बाजरीवर आमचे गहू टाकायचा. इथल्या रांगेत सगळ्या बायका, मधे मी बादली घेऊन. दोघींनी मला पुढे सोडलं, दया म्हणून की करमणूक म्हणून ते कळलं नाही. फडक्यात बांधलेला कोमट गोळा कुशीत घेऊन परत येताना मात्र मी बराच वेळ काही बोललो नसतो, बोलायला कुणी असतं तरी.

त्याच मोलिनोत दुसऱ्या कोपऱ्यात मिरचीचं यंत्र आहे. मोलेचा मसाला तिथे. मोले म्हटल्यावर चॉकलेट घातलेला गोड रस्सा अशी माझी कल्पना. चॉकलेट असतं, पण शेवटी आणि थोडं. त्याआधी आंचो, मुलातो, पासिया या तीन वाळक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, लवंग, दालचिनी, तव्यावर काळी पडेपर्यंत जाळलेली टोर्तिया. प्रत्येक जिन्नस वेगळा तळायचा. एकत्र घातलेला बाईंना दिसला तर संपलं. ओली पोब्लानो मिरची वाळली की आंचो होते, ओली चिलाका वाळली की पासिया. ही दोन-दोन नावं कशाला, म्हणून मी कुरकुरलो आणि मग आलं-सुंठ आठवून गप्प बसलो. सांता रोसाच्या मठातल्या जोगिणींनी मोले पहिल्यांदा केलं, अशी इथली लाडकी दंतकथा आहे. मठाचं स्वयंपाकघर जमिनीपासून छतापर्यंत टाइलांचं आहे. मी जाऊन आलो. सुंदर आहे, पण ठसका लागत नाही. ठसका मोलिनोत लागतो. मे महिन्यात डंकावर मसाला कुटायला गेलेल्या आईच्या पदराचा वास डोक्यात घेऊन मी तिथे शिंकत उभा राहतो, आणि बायका म्हणतात, "नो पिका." तिखट नाहीये. हे वाक्य या देशात मी खूपदा ऐकलंय. एकदाही खरं निघालेलं नाही.

परवा टोर्तिया फुगली. पूर्ण, चेंडूसारखी. फुगली की इथे म्हणतात, आता तुझं लग्न करायला हरकत नाही. मी म्हटलं, सतरा वर्षं झाली. बाई म्हणाल्या, मग बायकोला कळवा. पहिली टोर्तिया ताटात वाढायची नसते. ओट्याशीच उभं राहून, वर मीठ भुरभुरून, सुरळी करून खायची. हे मला कुणी शिकवलं नाही.

रात्री उद्याचा मका भिजत घालताना काल कालवला. बोट पुसायला फडकं सापडेना. इकडंतिकडं बघितलं आणि दाराच्या चौकटीला पुसलं.

चौकट निळी आहे. घरमालकीणबाईंनी अजून पाहिलेली नाही.