पिशवी रांगेत, आजी भिंतीला

सोमवारी आमच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपरची रांग गेटपर्यंत जाते. रविवारी ओपीडी बंद, त्यात सोमवार गावच्या बाजाराचा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. हे फार चांगलं झालं. खिडक्या मात्र आमच्याकडे होत्या तेवढ्याच राहिल्या.

त्या दिवशी माझी ड्यूटी अपघात विभागात. स्टोअरमधून सलाईन घेऊन येताना रांगेत एक नायलॉनची पिशवी दिसली. मागचा माणूस ती पायानं पुढे सरकवत होता. कुणाची म्हणून विचारलं, तर त्यानं भिंतीकडे बोट केलं. साठी ओलांडलेल्या एक आजी टेकून बसल्या होत्या. डोक्यावर पंखा, तरी पदर घामानं ओला. हात लावला तर थंडगार.

"काय होतंय, आजी?"

"काही नाही बाई, पित्त झालंय. पहाटेपासून मळमळतंय. साखरेच्या गोळ्या न्यायला आले."

डायबेटिस असलेल्यांना, त्यातही बायकांना, हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. वॉर्डबॉय मामांना व्हीलचेअर आणायला सांगितली, तर आजी उठेनात. "माझा नंबर जाईल." मागचा माणूस म्हणाला, "नंबर मी धरतो, तुम्ही जा आधी."

अटॅकची शंका आली तर पेशंट दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. आजींची ती 10 मिनिटं रांगेतच संपली होती. शुगर तपासली, ती कमी नव्हती. ईसीजीची पट्टी बाहेर आली तशी सरांनी ती हातात धरूनच ॲस्पिरिन चघळायला द्यायला सांगितली. मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू केलं. केसपेपर मामांनी मागाहून काढून आणला. दुपारी आजींना 108नं मेडिकल कॉलेजला पाठवलं, तेव्हा त्या बोलत होत्या.

ज्याला भांडता येतं तो खिडकीवर आरडाओरडा करून पुढे सरकतो. आजींसारखी माणसं गप्प बसतात, आणि मला त्याचाच संताप येतो. त्याच दिवशी मेट्रनशी, म्हणजे आमच्या मुख्य सिस्टरशी, बोलले. आता सोमवारी सकाळी एक सिस्टर बीपीचं मशीन आणि ग्लुकोमीटर घेऊन रांगेतून फिरते. कुणी रजेवर गेलं की सगळ्यात आधी हीच ड्यूटी रद्द होते, कारण तिला मंजूर पद नाही. ते मिळावं म्हणून आमचा पाठपुरावा चालू आहे.