तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तू अमेरिकन, मग नवऱ्याला नेत का नाहीस?’

लग्नकार्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंडात कापूस असताना मला हे विचारलं गेलंय. माझा जन्म न्यूजर्सीचा. आईबाबा परत आले तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून पुण्यात, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना इथे राहू देणारं कार्ड). नवरा साताऱ्याचा, भारतीय. लोकांचा हिशोब सरळ असतो: बायको नागरिक, म्हणजे नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालंच.

हिशोब अर्धा बरोबर आहे. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची रांग नसते. आय-१३०, म्हणजे ‘हा माझा नवरा’ असं सांगणारा माझा अर्ज, मंजूर झाला की फाईल कागदपत्रं गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आणि शेवटी मुंबईला बीकेसीत अमेरिकन वकिलातीत मुलाखत. लग्न खरं आहे हे दाखवणंही जड गेलं नाही. महापालिकेचं नोंदणी प्रमाणपत्र, दोघांच्या नावावरचा भाडेकरार, एकत्र मेडिक्लेम. नवऱ्याने दुबईत नोकरी केलेली, म्हणून तिथल्या पोलिसांचा दाखलाही आणला.

अडलं ते माझ्यापाशी. स्पॉन्सर मी, आणि मीच अमेरिकेत राहत नाही! नवऱ्याच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म म्हणजे आय-८६४. तो भरणाऱ्याचं वास्तव्य तिथे हवं, नाहीतर नवरा उतरेल तोवर आपण तिथे बस्तान हलवणार हे कागदांनी पटवायला हवं. ‘जाणारच आहोत हो’ म्हणून भागत नाही. तिथलं बँक खातं, नोकरीसाठीचे अर्ज, राहण्याची सोय, असं एकेक जमवत बसले.

मग हमी देणाऱ्याचं उत्पन्न. ते हवं अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, म्हणजे दोघांच्या घराला २०२४ साली वर्षाला २५,५५० डॉलर. माझी पुण्यातली नोकरी सुटणार, म्हणून तिचा पगार धरायचा नाही. मालमत्ता चालते, पण जितके कमी पडतात त्याच्या तिप्पट किमतीची आणि वर्षभरात रोख होणारी. आमचा फ्लॅट बाबांच्या नावावर आहे. बाबांनी पहिल्या नोकरीपासून अमेरिकेचं रिटर्न भरायला लावलं होतं, ते मात्र कामी आलं. (नागरिक पुण्यात राहिला तरी रिटर्न सुटत नाही, हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.)

उरला जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे माझ्या जोडीने हमी देणारा: न्यूजर्सीत एडिसनला राहणारा मामा. आपल्याकडे पगार कुणीही कुणाला विचारतं. पण मामाकडे त्याचं टॅक्स रिटर्न मागायचं म्हणजे फोन हातात घेऊन मी नुसती बसून राहिले होते. मामा लगेच हो म्हणाला. मामीने विचारलं, “आणि यांचं पटलं नाही तर?”

मला तो प्रश्न रास्त वाटला. घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही. नवरा नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं भरेपर्यंत, सही करणारा बांधील राहतो. हे मी सहीआधीच दोघांना वाचून दाखवलं. भाचीसाठी सही करणं म्हणजे आहेराचं पाकीट नव्हे. आणि मामा असला तरी वास्तव्याची अट माझ्या डोक्यावरून उतरत नाही, ती नाहीच.

“तोवर टुरिस्ट व्हिसावर ने की,” असंही सुचवतात. तिथे कायम राहायचं मनात ठेवून अधिकाऱ्याला ‘फिरायला चाललोय’ सांगणं, म्हणजे पुढे कायमची बंदी ओढवून घेणं. कृपा करून कुणालाच हा सल्ला देऊ नका.

मुलाखतीची तारीख अजून यायची आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तो तिथे उतरला, तर कार्ड दोनच वर्षांचं मिळेल आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. त्यामुळे मला तारीख थोडी लांबली तरी चालेल. सासूबाईंना ती गणपतीनंतरचीच हवी आहे.