खुर्च्या नकोत, फरशी द्या

गोधडी शिवायला जागा किती लागते, हे मी टेप लावून मोजलंय. सात बाय पाचची गोधडी, तिच्या चारी बाजूंनी मांडी घालून बसलेल्या बायका, त्यांचे गुडघे, कात्र्या, पिशव्या, सगळं धरून दहा बाय आठ फूट. आम्ही अकराजणी, एका वेळी तीन गोधड्या चालतात. म्हणजे अडीचशे चौरस फूट मोकळी, कोरडी, स्वच्छ फरशी. पोस्टाच्या काउंटरवर आयुष्य गेल्यामुळे मला असले हिशेब सुचतात. बाकीच्या हसतात, पण जागा शोधायला मलाच पाठवतात.

2023 च्या जानेवारीत सुरुवात माझ्याच घरी झाली. सोफा गॅलरीत, टीपॉय पलंगावर, तरी दीड गोधडीच्या पुढे काही पसरेना. त्यातून एका गुरुवारी निघताना सुया मोजल्या तर अकरातल्या दहाच भरल्या. अकरावी रात्री नऊला आमच्या ह्यांना सापडली. डोळ्यांनी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून मी जागा बघायला लागले.

पुण्यात हॉल काही कमी नाहीत. पण जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, ‘किती खुर्च्या?’ एका सोसायटीचं क्लबहाउस दोन तासांना पंधराशे, डिपॉझिट वेगळं. लॅपटॉप घेऊन बसायच्या एका जागेत माणशी तासाचा दर होता. आम्हाला सीट नको, सतरंजी घालू द्या म्हटल्यावर तिथला मुलगा आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि ‘मॅडम, पॉलिसी नाही’ म्हणाला. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शनिवार दुपारचा वर्ग फुकट देऊ केला. मोठ्या मनाची बाई. पण वीस लोखंडी बाक आधी व्हरांड्यात न्यायचे आणि जाताना परत लावायचे, हे आमच्या गुडघ्यांना दोनदाच जमलं.

मग दत्ताचं देऊळ. सभामंडप ऐसपैस, शहाबादी फरशी गार. भाडं नाही, पेटीत काय टाकायचं ते टाका. गुरुवार दत्ताचा म्हणून आम्ही मंगळवार धरला. काही आठवडे छान गेले. मग लक्षात आलं की आमच्यातल्या दोघी-तिघी मधेच एखादा मंगळवार चुकवतात. एकदा एक जण आलीही, पण बाहेर पायरीवर बसूनच ठिगळं कापत राहिली. देवळात कुणी तिला काही विचारलं नव्हतं. तिचं तिलाच आत यावंसं वाटत नव्हतं. मी काही देवभोळी नाही, पण यावर वाद घालून बायका आत येत नाहीत, एवढं मला कळतं. कुणाला काही न बोलता आम्ही ती जागा सोडली.

कार्यालयाचं सुचलं ते एका ताम्हनामुळे. भाचीच्या लग्नात राहून गेलेलं ताम्हन आणायला गेले, तर मॅनेजर रिकाम्या हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले. आषाढी तोंडावर आली होती. एकादशीपासून चातुर्मास, म्हणजे लग्नं बंद. त्यात त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणजे रिकामं बसणं चारऐवजी पाच महिने! मी तिथेच खुर्ची ओढून बसले. अख्खा हॉल परवडणार नव्हताच, पण वरच्या मजल्यावरची ‘वधूपक्ष’ पाटीची खोली दुपारी दोन ते पाच चारशे रुपयांवर ठरली. एसी नाही, बाहेरचं जेवण नाही. चिवडा जेवणात धरत नाहीत, असं आमचं मत आहे.

वर्गणी महिना दीडशे. अकराजणींचे साडेसोळाशे, चार गुरुवारांचे सोळाशे, उरलेल्या पन्नासात दोरा. त्या वर्षी आषाढी आणि कार्तिकी दोन्ही एकादश्या गुरुवारी आल्या, मधले वीस गुरुवार आमचे. त्यातला एक अनंत चतुर्दशीला गेला, त्या दिवशी पुण्यात कोण कुठे पोचणार?

खोली मात्र मजेची. आरशावर कुठल्या कुठल्या नवऱ्यामुलींच्या टिकल्या चिकटलेल्या, खिडकीत सेफ्टी पिना, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अक्षता. सतरंजी घालण्याआधी दोनदा झाडावं लागतं, नाहीतर लाल तांदूळ जुन्या लुगड्याच्या दोन थरांत जातात आणि धावदोरा घालताना सुई टच्च अडते. एका दुपट्यात चार दाणे शिवले गेलेच. उसवू म्हटलं तर सातारच्या काकू म्हणाल्या, ‘राहू दे, बाळाला लाभतील.’ (त्या गोधडीला वाकळ म्हणतात आणि आम्ही सगळ्यांनी वाकळच म्हणावं असा त्यांचा आग्रह आहे. हा वाद तीन वर्षं चालू आहे.)

कधीमधी कुणीतरी काढीव मुहूर्तावर लग्न ठरवतं आणि आमचा गुरुवार बुडतो. तुळशीचं लग्न लागलं की मात्र आम्ही बाहेरच. हिवाळ्यात मग ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात बसतो. आजोबामंडळी दुपारी झोपायला घरी जातात, साडेचारला कॅरमसाठी परततात. भाडं घेईनात. काय हवं विचारलं, तर म्हणाले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या फार टोचतात. उरलेल्या तुकड्यांतून बारा उश्या शिवून दिल्या. शेवटी खुर्च्यांनी गाठलंच.

नवं पंचांग आलं की लोक मुहूर्त बघतात, मी मुहूर्त कुठे नाहीत ते बघते. 2026 ला 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. ऐन लग्नसराईत महिनाभर कार्यालय मोकळं! लगेच फोन लावला. मॅनेजर म्हणाले, ‘बाई, उकडेल हो. पंखा फुल ठेवा.’ हो म्हटलं. पंखा लावला की सगळ्या चिंध्या उडतात, हे काही त्यांना सांगितलं नाही.